पाईतूचा उपयोग

फादर बस्त्यावांनी वेलीचं एक पान खुडलं, दोन बोटांत चुरगाळलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"हुंगा."

मी हुंगलं. ओल्या गोणपाटासारखा वास होता. त्याच्यामागे काहीतरी गोडसर, नासायला लागलेल्या फणसासारखं.

"कसला वास येतो?"

"नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"सांगता येणारच नाही त्यांना," मागून खानविलकर बाई म्हणाल्या. "फादर, या माणसाला कांदा हुंगवलात तरी म्हणेल, कांदा असण्याची शक्यता आहे. आमच्या संग्रहात ज्या लेबलावर प्रश्नचिन्ह दिसेल ते यांच्या हातचं, असं खुशाल समजावं. विद्यार्थी यांना प्रश्नचिन्ह चांदोरकर म्हणतात. माहीत आहे ना हो तुम्हाला?"

"माहीत आहे, बाई."

फादर हसले नाहीत. चुरगाळलेलं पान त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटवली. "असू दे. ते विचारतात तरी. मी तिथं तीस वर्षं होतो, मला पुष्कळ गोष्टी विचारायचं सुचलंच नाही."

हे मला लख्ख आठवतं. म्हणजे, आठवतं असं वाटतं.

ती वाडी वसईजवळच्या एका गावात होती. विहिरीच्या कडेनं पांगाऱ्याची झाडं ओळीनं लावलेली आणि त्यांच्यावर पानवेली चढवलेल्या, तिकडच्या सगळ्या वाड्यांत असतात तशा. शेवटच्या पांगाऱ्यावर मात्र ही परकी वेल होती. खोड मनगटाएवढं जाड, दोरखंडासारखं पिळलेलं. फादरांनी निवृत्त होऊन घरी येताना तिचा एक तुकडा बोलिव्हियाच्या जंगलातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. तिकडे तिला पाईतू म्हणतात. बरीच वर्षं ती नुसतीच वाढली आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा फुलली. मुंबईच्या आमच्या संस्थेत कुणीतरी ही बातमी आणली. फूल असल्याशिवाय वेलीची ओळख पटवता येत नाही, म्हणून आम्ही गेलो. भेटीचा दिवस फादरांनी ठरवला होता. "त्याच दिवशी या," असा त्यांचा निरोप होता. का, ते सांगितलं नव्हतं.

खानविलकर बाई आमच्या प्रमुख होत्या. उंच, सडसडीत, उन्हातही छत्री मिटून हातात धरणाऱ्या. वनस्पतीच्या बाबतीत त्यांची नजर कधी चुकली नाही. मी त्यांचा मदतनीस. फांद्या वर्तमानपत्रात घालून दाबायच्या, वाळल्या की जाड कागदावर शिवायच्या आणि खाली सुवाच्य अक्षरात लेबल लिहायचं: नाव, ठिकाण, स्थानिक लोकांत उपयोग, माहिती देणाऱ्याचं नाव. बरोबर योलांदा होती. बोलिव्हियाची मुलगी, शिष्यवृत्तीवर आमच्याकडे शेतीचं काहीतरी शिकायला आलेली. तिच्या देशात राहिलेला पाद्री भेटेल म्हणून बाईंनी तिला घेतलं होतं. ती आल्या आल्या कॅमेरा घेऊन वाडीत शिरली ती दिसेनाशी झाली.

आम्ही ओट्यावर बसलो. फादरांची विधवा भावजय लुसीबाई आतून डोकावली.

"फादर, भांडं चढवलंय हां. जरा दम धरा."

"झालं का विचारत नाही. वास येतोय का बघतोय."

"लहान पोरासारखं करतात बघा," लुसीबाई आम्हाला म्हणाली. "वर्षाचा एक दिवस, पण नाताळाला नाही एवढी घाई."

बाईंनी मला खूण केली. मी कच्चा कागद गुडघ्यावर घेतला.

"उपयोग सांगा, फादर."

फादर सांगू लागले. तिथल्या त्या नदीकाठच्या लोकांचं नाव मी इथं लिहीत नाही, मला त्याचा उच्चार कधी जमला नाही. फादर तरुणपणी त्यांच्यात गेले. मातीचं देऊळ बांधलं. देवळाला घंटा हवी म्हणून त्यांनी शहरात निरोपावर निरोप पाठवले. दुसऱ्या वर्षी होडीतून घंटा आली. होडीवाल्याबरोबर त्याचं पोर होतं, त्याच्या अंगावर पुरळ.

"गोवर," बाई म्हणाल्या.

"गोवर. त्या लोकांना तो माहीतच नव्हता. म्हातारे राहिले, पोरं गेली. मी रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसलो, बाई. पाणी पाजलं, पुसलं, मग पुरलं. शेवटी शेवटी पेट्या करायला फळ्या उरल्या नाहीत. घंटेचा खोका होता, तोसुद्धा वापरला."

ओट्याखाली कोंबड्या उकरत होत्या. फादरांनी त्यांना पायानं हाकललं.

"घंटा मीच मागवली होती. लोक मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर चाललं असतं. पण शेवटचं पोर पुरलं त्या संध्याकाळी एक म्हातारी आली. तिची चारी नातवंडं मीच पुरली होती. तिच्या हातात भोपळ्याची वाटी होती. माझ्यासमोर बसली, हसली आणि वाटी पुढं केली. पाईतूचा काढा. मी प्यालो. सगळं गाव उभं राहून बघत होतं, आणि सगळे हसत होते. चांगलं हसत होते. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा. म्हातारी मेल्यावर तिची सून देऊ लागली. मी तिथं होतो तोवर एक वर्ष चुकलं नाही."

"म्हणजे उपयोग काय धरायचा?"

"क्षमा," फादर म्हणाले. "लिहा. क्षमा."

"क्षमा हा उपयोग होत नाही, फादर. ताप, जुलाब, मासे गुंगवणं, असं काहीतरी सांगा."

"मग मला दुसरा माहीत नाही. त्याच्या जोरावर मी जगलो, एवढं माहीत आहे. नाहीतर पहिल्याच वर्षी नदी जवळ होती."

बाईंनी खांदे उडवले. मी कागदावर 'क्षमा' लिहिलं आणि हातानं आपोआप पुढे प्रश्नचिन्ह काढलं. फादरांनी वाकून पाहिलं.

"हे कशाला?"

"सवय आहे, फादर."

"खोडा ते."

मी खोडलं.

तेवढ्यात विहिरीकडून आरोळी आली. "पाईतू!" योलांदा पळत आली, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात फांदी. तिनं पान चुरगाळून हुंगलं, फादरांच्या नाकाशी नेलं आणि एका दमात काहीबाही बोलत सुटली. फादर उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडून स्पॅनिश धो धो वाहू लागलं. पाठीचा बाक गेल्यासारखा वाटला. मला त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, अबुएला.

"आम्हालाही कळू द्या, फादर," बाई म्हणाल्या.

"हिची अबुएला, म्हणजे आजी, ओळखायची ही वेल! आजीचं गाव आमच्या खाली, होडीनं दोन दिवस. ही स्वतः शहरात वाढली, पण आजीनं पान हुंगवलेलं आठवतं म्हणते."

"मग उपयोग विचारा तिला."

"विचारतो की. तुमचीही खात्री पटेल." ते माझ्याकडे बघून हसले. "आणि चांदोरकरांची."

त्यांनी विचारलं. योलांदा ओट्याच्या कठड्यावर बसून पाय हलवत सांगू लागली. मध्येच तिनं ओंजळीची वाटी करून प्यायल्याचा अभिनय केला. गमतीची गोष्ट सांगतात तसं सांगत होती. तिला इंग्रजी बेताचं येई, मराठी अजिबात नाही, आणि आधीचं बोलणं चाललं तेव्हा ती वाडीत होती.

"ती म्हणते," फादर बाईंकडे वळले, "हा काढा कुणालाही देत नाहीत."

"पुढे?"

"ज्याच्या हातून गावात मरण आलं, त्यालाच देतात."

बाईंनी मान वर केली. "म्हणजे खुन्याला?"

फादरांनी विचारलं. "खूनच असं नाही. कुणाचा बाण चुकला. कुणाच्या हातून होडी उलटली. कुणी..." ते थांबले. "कुणी आजार आणला."

"चांदोरकर, लिहिताय ना? आता विचारा, फादर, देतात ते कशासाठी. क्षमा म्हणून?"

फादरांनी योलांदाच्या हातातली फांदी काढून घेतली.

"बाई," मी म्हटलं, "आधी जेवून घेऊया का?"

"तुम्हाला भूक लागली असेल तर जा आत. फादर, विचारा ना. तुम्हीच म्हणालात, खात्री पटेल."

फादरांनी विचारलं. त्यांनी दुसरंच काही विचारलं असतं, किंवा उत्तरातला शब्द गाळला असता, तरी आम्हाला कळलं नसतं. त्या ओट्यावर दोन्ही भाषा येणारे ते एकटेच होते. योलांदानं जोरात मान हलवली, हसली, आणि स्वतःच्या दंडाला नाक लावून हुंगून दाखवलं.

"क्षमेसाठी नाही," फादर म्हणाले. ते आता शब्द एकेक करून खाली ठेवत होते. "याचा वास घामातून येतो. वर्षभर जात नाही. मेलेल्यांना तो माणूस सापडावा म्हणून देतात. रात्री ते येतात आणि त्याच्या छातीवर बसतात. ती म्हणते, मोठी माणसं मेली तर चेहरा लक्षात ठेवतात. मुलांना..."

"मुलांना काय?"

"मुलांना चेहरा लक्षात राहत नाही. वास राहतो."

आत लुसीबाई गाळणं आपटत होती.

"हे त्या माणसाला सांगतात का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"हे तुम्ही सांगताय. तिला विचारा."

फादरांनी तिला विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि त्यांनी ते मराठीत आणलं. "सांगत नाहीत. हसून देतात. त्याला आवडलं पाहिजे. पुढं पुढं त्यानं आपण होऊन मागितलं पाहिजे. मागितलं की मग ते पक्कं होतं."

"तुम्ही मागत होतात?"

"पहिली काही वर्षं नाही. नंतर मागत होतो."

"आणि वेलसुद्धा बरोबर घेऊन आलात!" बाई म्हणाल्या. दुर्मिळ फूल सापडल्यावर त्यांचा आवाज असाच व्हायचा. "केवढी विलक्षण गोष्ट आहे ही. फादर, तुमच्या लक्षात येतंय का? असा उपयोग कुठेही नोंदलेला नाही."

फादर माझ्याकडे बघत होते. माझ्या कागदाकडे नव्हे, माझ्याकडे.

"बाई, हिच्या आजीचं गाव वेगळं होतं," मी म्हणालो. "चालीरीती वेगळ्या असतील. वेलसुद्धा दुसरी असेल, नुसत्या वासावरून..."

"मग ही ती वेल नाही असं तुमचं म्हणणं आहे?"

"तसं नाही..."

"नाही की आहे? एकदा तरी एक काहीतरी बोला, चांदोरकर."

फादर वाट बघत होते.

"नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"झालं," बाई म्हणाल्या.

तेव्हा लुसीबाई तबक घेऊन बाहेर आली. तबकात कप होते आणि मध्ये भोपळ्याची एक काळी पडलेली वाटी. तिनं वाटी उचलली आणि फादरांपुढे धरली. तिचं सगळं तोंड हसत होतं.

"घ्या. सकाळपासून जीव खाल्लात माझा, झालं का, झालं का."

फादर तिच्या हसण्याकडे बघत राहिले. एवढा वेळ की तिचा हात अवघडला.

"घ्या ना, फादर. गरम आहे. का, आज नको?"

त्यांनी वाटी घेतली. मग योलांदाकडे वळून हळू आवाजात स्पॅनिशमध्ये एकच वाक्य विचारलं. ती मोठ्यानं हसली, पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला हात उडवला आणि दोनतीन वाक्यं बोलली. फादरांनी मान डोलावली. मग वाटी तोंडाला लावली ती रिकामी होईपर्यंत खाली आणली नाही.

"कसं झालंय?" लुसीबाईनं विचारलं.

"छान झालंय, लुसी."

तिनं तबक आमच्यापुढे केलं. योलांदानं दोन्ही हात मागे नेले. "आम्हाला नको हं," बाई पटकन म्हणाल्या, आणि मग फादरांना, "आता काय विचारलंत तिला?"

"ते उपयोगात येत नाही, बाई."

जेवण झालं. तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि बोंबलाचं कालवण. फादरांनी आग्रह करकरून वाढलं. फांद्या मी वर्तमानपत्रात घातल्या, दाबणीचे पट्टे आवळले, आणि आम्ही निघालो. ते फाटकापर्यंत आले. बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "तुमच्यामुळे फार मोठं काम झालं, फादर." त्या थट्टा करत नव्हत्या. तसं असतं तर बरं झालं असतं.

एसटीत बाई पुढे बसल्या. मी योलांदाशेजारी. अर्धा रस्ता मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो.

"शेवटी फादरांनी तुला काय विचारलं?"

"अहो, मजेचं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, ते मेलेले लोक समुद्र ओलांडून येतात का? मी म्हटलं, समुद्र? माझ्या आजीचे मेलेले साधी नदी ओलांडत नव्हते. पाण्यावर वास तुटतो. इथं कुणी पिंपभर प्यायला तरी तो कुणाला सापडणार नाही. म्हटलं, खुशाल प्या." मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. "पण त्यांना वाईट का वाटलं? मला वाटलं, ऐकून बरं वाटेल."

कसं सांगावं ते जुळेना, आणि तेवढ्यात स्टेशन आलं.

फांद्या वाळल्यावर बाईंनी लेबल सांगितलं. उपयोग: ज्याच्या हातून मृत्यू ओढवला त्याला शिक्षा म्हणून देण्याचा काढा. माहिती देणारा: फादर बस्त्याव तुस्कानो.

"बाई, माहिती तर योलांदानं दिली."

"योलांदा त्या लोकांत एक दिवस राहिलेली नाही. फादर तीस वर्षं राहिले. आणि आपल्याशी बोललं कोण? हे सगळं तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंत?"

"फादरांच्या."

"मग?"

मी काळ्या शाईनं लिहिलं, आणि उपयोगापुढे बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "राहू द्या," म्हणाल्या. "तुमची सहीच आहे ती."

पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच वसईला गेलो. फाटकात लुसीबाई भेटली. ती हसली नाही.

"बरं झालं आलात, साहेब. तुमचं तरी ऐकतील. आता रोज पितात ते. रोज! आधी वर्षातून एकदा होतं. अन्न जात नाही, झोप नाही. रात्री खाटेवर जागे पडून राहतात, दारं सताड उघडी टाकून. चोर येतील म्हटलं तर म्हणतात, येऊ देत."

"कुठे आहेत?"

तिनं वाडीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

वाडी संपून वाळू सुरू होते तिथं सुरूची झाडं आहेत. फादर एका झाडाशी गुडघे टेकून काथ्यानं काहीतरी बांधत होते. त्यांच्या पाठीकडून वारा आला आणि ते ओळखू येण्याच्या आधी मला तो वास आला. ओलं गोणपाट, आणि मागे गोडसर काहीतरी. झगा खांद्यांवरून लोंबत होता. किनाऱ्याच्या बाजूनं प्रत्येक सुरूच्या बुंध्याला पाईतूचं एकेक रोप चढवलेलं होतं. खाऱ्या वाऱ्यानं बरीचशी करपली होती.

"चांदोरकर! या. वास येतो का?"

"येतो."

"लांबून आला?"

"लांबून आला."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

ते खूश झाले. "दिवसा वारा समुद्राकडून इकडे येतो. त्याचा उपयोग नाही. पण पहाटे उलटा फिरतो, जमिनीवरून पाण्याकडे. तेवढ्यात जाईल तितका." त्यांनी काथ्याची गाठ ओढली. ओढताना मनगटाची हाडं दिसली. "तुमच्या त्या कागदावर शेवटी काय लिहिलंत?"

मी सांगितलं. माहिती देणाऱ्याचं नावही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"पुढे प्रश्नचिन्ह असेल."

"आहे."

"का?"

हे वाक्य मी वर्षभर जुळवत आलो होतो, त्यासाठीच आलो होतो. "कारण ती मुलगी शहरातली, फादर. आजी दुसऱ्या गावची. वेलही दुसरी असेल. ती म्हातारी तुमच्यासमोर बसून हसली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही म्हणत होता तेच खरं असू शकेल. क्षमाच असेल ती."

त्यांनी उरलेला काथ्या दातांनी तोडला. वेलीचा लोंबता शेंडा उचलून बुंध्याला नीट टेकवला.

"क्षमा असेल," ते म्हणाले, "तर मग ती पोरं मला शोधत नसतील."

मी वाळूत पडलेला काथ्याचा तुकडा उचलला.

"खोडा ते, चांदोरकर."